खारराणीचा पोशाख

"गोरी चालणार नाही," चहाचा कप टेबलावर ठेवायच्या आधीच मनस्वीने सांगून टाकलं. "आधीच बोलते. नंतर कटकट नको."

"गोरी?" केयूर हसला. "गोरी कशी चालेल, मॅडम? खारराणी आहे ती!"

मनस्वीने कप त्याच्यासमोर ठेवला.

मनस्वीच्या बोनकोड्यातल्या या हॉलमध्ये आधी दोन सिनेनिर्माते बसून गेले होते. पहिल्याला राणी गोरी हवी होती. नंतर काजळी फासू, म्हणाला. दुसऱ्याला राणीच नको होती, राजा हवा होता. दोघांनाही मनस्वीने चपला धड घालू दिल्या नव्हत्या.

'खारराणी' ही कादंबरी तिने मोबाइलवर अंगठ्याने लिहिली होती, कुकरच्या शिट्ट्या मोजत. चारशे पानं. खाडीकाठच्या मिठागरांचं राज्य, भरती ज्यांचं ऐकते असे खारलोक आणि त्यांची काळी, ठेंगणी राणी. ती राणी लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा होता. भावाची मुलगी, सोनल.

सोनल नाटकात काम करायची. म्हणजे मोलकरीण, झाडूवाली, गर्दीतली बाई. रंग पक्का आणि पुढचे दोन दात ओठाबाहेर. तिला नकार देणारे सगळे एकच शब्द वापरायचे. लुक. तोंडावर 'काळी' म्हणायची हिंमत नसली की माणसं लुक म्हणतात. यंदा काही जमलं नाही तर नाटक सोडून चुलत्याच्या ऑफिसात बसायचं, असं तिने घरात कबूल केलं होतं.

केयूर हा तिसरा निर्माता, खांदेश्वरहून आला होता. येताना एक फुगलेली कापडी पिशवी घेऊन आला आणि ती त्याने सोफ्यावर शेजारी बसवली, लहान मूल बसवावं तशी.

"सॅम्पल ड्रेस आहे. करंजाड्याच्या आपल्या टेलरने केलाय. शेवटी दाखवतो. सरप्राइज."

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या शेवंताबाईंनी मान वर केली. "काय गो मनस्वी, यानं बूक वाचलाय का?"

"आई!"

"आजी, नाव वाचलं आणि अख्खा पिक्चर दिसला मला," केयूर म्हणाला.

शेवंताबाईंनी लसणाची साल फुंकली. "नावान पिक्चर दिसतो. बरा हाय."

मनस्वीने आईकडे दुर्लक्ष केलं. "कपडा कसला घेताय?"

"वेल्व्हेट. तपकिरी, जरासा करडा. अंगाला घट्ट. तिला पळायचंय, चढायचंय. झाडावरच असते ना ती?"

"तिवरांवर. सरसर चढते."

"बघा! दागिने अजिबात नकोत."

मनस्वी चाटच पडली. आगरी राणी म्हटल्यावर पहिल्या निर्मात्याने तिला हळदीतल्या करवलीसारखी सोन्याने मढवली होती. "एकही नको?"

"तिला कशाला सोनं? शोभेल तरी का?"

"आणि पाठ." मनस्वी पुढे सरकली. आता खरी परीक्षा होती. पिढ्यान्‌पिढ्या मिठाची ओझी वाहून खारराणीच्या पाठीवर तीन पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. पुस्तकाचा जीव त्या रेघांत होता. "पाठीवरच्या तीन रेघा दिसल्या पाहिजेत. पहिला म्हणाला, घाण वाटतात, काढा."

केयूरने कपाळावर हात मारला. "काढा? रेघा काढल्या तर खारराणी कसली? मॅडम, आशीर्वाद आहे तो!"

कष्टाला आशीर्वाद म्हणणारा पुरुष मनस्वीने पहिल्यांदाच पाहिला. तिने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. "आणि बांध फुटतो, तेव्हा ती मुठीमुठीने माती टाकत राहते..."

"तोच तर पिक्चर आहे! एवढासा जीव, पण वाटा केवढा! पब्लिक रडेल. पोरं तर वेडी होतील."

तेवढ्यात सोनल पोह्यांच्या बशा घेऊन आली. सवयीप्रमाणे ओठ मिटून हसली.

केयूर उभाच राहिला. "थांबा. परत हसा. नीट."

सोनलचा हात तोंडावर गेला.

"हात काढा हो! दात बघू द्या."

सोनलने आत्याकडे पाहिलं. मनस्वीने बाह्या सरसावल्याच होत्या. आता हा 'लुक' म्हणाला की पोह्यांसकट बाहेर.

"हे दात!" केयूर ओरडला. "हेच दात शोधत फिरतोय मी! सगळ्या हिरोइनींचे सरळ. म्हटलं, नकली बसवावे लागतात की काय. मॅडम, राणी सापडली."

"ऑडिशन?" सोनलने कसंबसं विचारलं.

"कसली ऑडिशन? लॉक!"

सोनल जमिनीवर मांडी घालून बसली आणि खदखदून हसायला लागली. तोंडावर हात न घेता. मनस्वीने डोळे पुसले आणि आजवरच्या सगळ्या लुकवाल्यांना एक दणदणीत शिवी हासडली.

"दातांचा काय कराचा हाय त्याला?" शेवंताबाईंनी विचारलं.

"आई, तू गप गो. पहिल्यांदा कोणीतरी माणूस आलाय घरात."

केयूरने पिशवी सोनलच्या मांडीवर ठेवली. "चला, माप बघू."

सोनलने हात घातला. मऊ, तपकिरी वेल्व्हेट बाहेर आलं. पाठीवर वरपासून खालपर्यंत तीन पांढऱ्या रेघा, सरळ, ठसठशीत. मनस्वीने त्यांवरून बोट फिरवलं.

"अजून आहे आत," केयूर अभिमानाने म्हणाला. "मेन आयटम तळाशी."

सोनलने ओढलं. हातभर लांब, झुपकेदार, आत तार घातलेलं आणि सोडल्याबरोबर टुणकन वर वळणारं शेपूट.