अर्धी गोळी

"अम्मा, या दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या पोटात जात नाहीत ना?"

मेडिकलवाल्या कनकाने तमिळमध्ये विचारलं आणि रत्नप्रभाबाईंचा पर्समधला हात तिथेच थांबला. एक पट्टी त्यांच्या यजमानांची, पुरुषोत्तमरावांची, कमरेच्या ऑपरेशननंतर दिलेल्या जालीम वेदनाशामकाची. दुसरी त्यांची स्वतःची, कित्येक वर्षांची झोपेची गोळी.

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण कनका उत्तरासाठी थांबून राहिली, तेव्हा त्यांनी हळूच सांगून टाकलं. रेल्वेतून निवृत्त झालेले पुरुषोत्तमराव दुखण्याने रात्रभर तळमळायचे. झोपेच्या गोळ्यांना मात्र ते जन्मभर नावं ठेवत आलेले. म्हणून गेले तीन दिवस त्या आपली अर्धी गोळी कुटून, त्यांना न सांगता, त्यांच्या दुधात घालत होत्या. गुण छान आला होता. आज तर अकरा वाजले तरी ते गाढ झोपलेले. किती दिवसांनी झोप लागली म्हणून त्यांनी उठवलंही नव्हतं.

कनका काउंटर तसाच सोडून बाहेर आली. चालता चालता तिने एवढंच सांगितलं, की या दोन गोळ्या एकत्र आल्या की श्वास मंदावत जातो आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही.

घरी पुरुषोत्तमरावांचे ओठ निळसर पडले होते. हाका मारल्या, गदागदा हलवलं, तरी डोळे उघडेनात. कनकाने घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला सहा. तिने १०८ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत त्यांची हनुवटी वर उचलून धरली.

हॉस्पिटलात ऑक्सिजन आणि इंजेक्शनांनी ते संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आले, कॉफी मागू लागले. रत्नप्रभाबाई हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झोपेचं औषध नेमकं किती पोटात गेलं ते विचारलं. तेव्हा नवऱ्यासमोरच खाली मान घालून रत्नप्रभाबाईंनी दुधाची गोष्ट सांगितली. आता त्यांची बोलणी खायची, अशी मनाची तयारी करूनच.

 पुरुषोत्तमरावांनी बायकोचा हात हातात घेतला.

"डॉक्टर, अर्धी नव्हे, एक लिहा," ते म्हणाले. "माझ्या कण्हण्याने हिची झोप मोडू नये, म्हणून मीही रोज हिच्या डब्यातली अर्धी चोरून घेत होतो."