सामानाच्या खोलीची किल्ली

मामेभावाच्या लग्नासाठी मायलेकी परदेशात आल्या आणि पहिल्याच दिवशी लेकीने हॉटेलचा हॉल स्वतःच्या लग्नासाठी हेरून ठेवला. तारीखही विचारली. अडलं होतं ते आईपाशी. घराण्यात कुणाचंही लग्न असो, सामानाच्या खोलीची किल्ली आईच्या कमरेला आणि 'ताई आहे ना' म्हणत बाकीचे निर्धास्त. इथे मात्र सगळं हॉटेलवाल्यांनी सांभाळलं. आई पहिल्या रांगेत रिकाम्या हातांनी बसली आणि लग्न लागताना घळाघळा रडली. आपण बिनकामाचे झालो असं तिला वाटलं असणार, असा लेकीने अर्थ लावला.

जेवताना तिने कसंबसं विचारलं, "आई, माझं लग्न इथे केलं तर? तुला काहीच काम उरणार नाही गं."

"तारीख ठरवून टाक."

"रागावलीस?"

आईने पदराने नाक पुसलं. "तीस वर्षं सगळ्यांची लग्नं मी त्या खोलीच्या दारात बसून नुसती ऐकली. माझ्या लग्नानंतर समोर बसून पाहिलेलं हे पहिलंच. तुझंही ऐकावंच लागतंय की काय, याची धास्ती होती."