पट्ट्याची तीन जादा भोकं

माईंनी कागद खाली ठेवले तेव्हा घड्याळवाले उभे होते. कधी उठले ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"ही माझी गोष्ट आहे," ते म्हणाले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता चौघं जमत, आपापलं लिखाण एकमेकांना ऐकवायला. घड्याळवाले, माई, निवृत्त मास्तर आणि ग्रंथपालबाई. नियम बाईंचा. कथा अर्धी या शनिवारी वाचायची, अर्धी पुढच्या. उरलेली अर्धी आधीच बंद पाकिटात घालून त्यांच्या कपाटात ठेवायची, म्हणजे इतरांची मतं ऐकून मधल्या मधे कोणी शेवट फिरवायला नको. मास्तरांना हा नियम फार आवडे. मास्तरांना सगळेच नियम आवडत.

माईंच्या कथेत एक आजारी बाई होती, खिडकीजवळच्या खाटेवर. नवरा रोज दुकान बंद करून यायचा. बाईच्या हातात चावीचं घड्याळ होतं. मनगट बारीक होत गेलं तसा नवरा दाभणाने पट्ट्याला नवं भोक पाडायचा. अशी तीन भोकं झाली होती.

घड्याळवाल्यांनी पिशवीतून आपले कागद काढले आणि उभ्याउभ्याच वाचले. तीच खाट, तेच घड्याळ, भोकंही तीनच.

"घड्याळ कोणालाही सुचेल," मास्तर म्हणाले. "पण तीन भोकं?"

"सुचायचा प्रश्नच नाही, मास्तर. मी पाडलीत ती. माझ्या बायकोच्या पट्ट्याला. अकरा वर्षं झाली."

माईंनी त्यांचा चेहरा निरखून बघितला. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा शेवट काय आहे?"

"घ्या!" मास्तर उसळले. "आता शेवटही हवाय!"

बाईंनी टेबलावर हात आपटला. "नियम तो नियम. दोघांची पाकिटं कपाटात आहेत. पुढच्या शनिवारी बघू."

तो आठवडा माईंना जड गेला असणार. मंडळ दरवर्षी एकच कथा मासिकाकडे पाठवी आणि यंदा माईंची जाणार, हे बाईंनी त्यांच्या कानात आधीच सांगितलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा नाव छापून येणार! माईंनी ते सुनेला सांगितलं होतं, आणि सुनेने सगळ्या गोतावळ्याला.

खरं तर माईंबद्दल कोणाला फारसं ठाऊकच नव्हतं. "पाळ्यांची नोकरी होती, पाय भरून यायचे," एवढंच त्या सांगत. चहाआधी नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या, तेव्हा मास्तर हटकून विचारायचे, "पोहायला निघालात का?" माई मोठ्या भल्या होत्या. म्हणून तर उचलेगिरीचा संशय सगळ्यांना जास्त लागला.

शनिवारी आधी घड्याळवाल्यांनी पाकीट फोडलं. त्यांचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसाच होता, सरळ.

"ती म्हणायची, घड्याळाला चावी मी देतेय तोवर मी बरी आहे असं समजा. शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर ती झोपलेली. तिचं मनगट कानाशी नेलं. टिकटिक चालू होती. मी उठवलं नाही, घरी आलो. पहाटे निरोप आला."

पुढचं त्यांनी कागदाकडे न बघताच सांगितलं.

"न बोलता निघून आलो, हे मला सोसलं नसतं. पण चावी दिलेली होती. म्हणजे त्या दिवशी ती बरी होती. त्या एवढ्या आधारावर मी इतकी वर्षं काढली. तुम्हाला गोष्टी सुचतात हो. माझ्याकडे ही एकच आहे."

मास्तर चष्मा पुसत बसले. बाईंनी दुसरं पाकीट माईंपुढे ठेवलं.

माईंनी ते उघडलं नाही. घडी घालून पिशवीत टाकलं.

"मी उचलली ही गोष्ट," त्या म्हणाल्या.

"माई!" बाईंना खरंच वाटेना.

"मागच्या वर्षी चहाच्या वेळी बोलला होतात तुम्ही. पट्ट्याचं, भोकांचं. माझ्या मनात राहून गेलं."

घड्याळवाले गोंधळले. "मी बोललो? मला आठवत नाही."

"माणूस बोलून जातो."

"आणि शेवट?" मास्तरांनी विचारलं.

"शेवट मला जमलाच नव्हता. यांचाच खरा. यांची कथा पाठवा."

उचलेगिरीला मंडळात वर्षभर वाचनबंदी होती. माईंनी ती मान हलवून मान्य केली. निघताना घड्याळवाले दारापर्यंत आले.

"राग नाही, माई. विचारलं असतंत तर मीच दिली असती. तुम्ही तर माझ्याहून चांगली लिहिलीत. जणू खोलीत होतात."

"येते मी," माई म्हणाल्या.

बसथांब्यावर कोणी नव्हतं. सुनेला काय सांगायचं ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. त्यांनी पाकीट फोडलं. कागद फाडायचेच होते, पण त्याआधी शेवटचं पान एकदा वाचलं. ते त्या बाईच्या बोलण्यावर संपत होतं.

"बोटांत जोरच नाही हो राहिला, सिस्टर. आजपासून तुम्हीच द्या ना चावी, ते यायच्या आधी. आणि त्यांना कधी कळू देऊ नका."