मुलगा म्हणून सही

“मला ल्योक न्हाय,” कोंडीबा तिसऱ्यांदा म्हणाला.

“हाय की. मी हाय,” शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला.

आश्रमाचा कारकून विरुपाक्ष दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. हा म्हातारा आठवड्यापूर्वीच मोडनिंबहून पायी आला होता. आपल्याला कोणी नाही, असं त्याने सांगितलं होतं. निराधार म्हाताऱ्यांचा खर्च नगरपालिका देई, पण तिच्या वीसही जागा भरलेल्या होत्या. विरुपाक्षने त्याचं नाव यादीत लिहून त्याला परत पाठवलं होतं. बाकीच्या जागा पैसे भरणाऱ्यांच्या, आणि तिथे मुलाची नाहीतर जवळच्या नातेवाइकाची सही लागे.

आज तोच म्हातारा मुलासकट हजर. मुलाचं नाव धोंडीराम, कापडगिरणीत कामाला.

“आजोबा, मुलगा असताना निराधार म्हणून नाव लावलंत?”

“न्हाय हो साहेब. एकच व्हता. पाच वर्साचा असताना पटकीनं गेला.”

“लई दिस उपाशी हायत, म्हनून असं बोलत्यात,” धोंडीराम शांतपणे म्हणाला.

विरुपाक्ष गोंधळला. बापाला नाकारणारी मुलं त्याने इथे पुष्कळ पाहिली होती. मुलाला नाकारणारा बाप हा पहिलाच. मुलाला खर्चात पाडायचं नाही म्हणून बोलतोय, की खरंच डोकं ठिकाणावर नाही?

“नीट ऐका,” तो धोंडीरामला म्हणाला. “मुलगा म्हणून सही केलीत, की यांचं नाव नगरपालिकेच्या यादीतून जाईल. उद्या तुम्ही पैसे थांबवलेत, तर यांना रस्ता धरावा लागेल.”

“थांबवनार न्हाय.”

धोंडीरामने वर्षाचे पैसे टेबलावर ठेवले. मग सावकाश, गिरवल्यासारखी सही केली: धोंडीराम कोंडीबा.

कोंडीबा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्याने हात लांबवून धोंडीरामची हनुवटी चाचपली.

“गेला न्हवतास व्हय रं तू?”

धोंडीरामने त्याचा हात धरला. “न्हाय,” तो म्हणाला. “जावा, आत जेवून घ्या.”

म्हातारा आत गेला. जाताना दोनदा थांबून त्याने मागे पाहिलं.

विरुपाक्षला राहवेना. “खरं सांगा. ते तुमचे वडील नाहीत ना?”

“न्हाईत. परवा स्टेशनाभाईर भेटले. उपाशी व्हते.”

“मग दुसऱ्याच्या बापासाठी एवढं कशाला?”

धोंडीराम दाराशी थांबला.

“माजा बाप हितंच वारला, साहेब. तुमच्या आदीची गोष्ट. मीच आणून सोडला व्हता, फुकटच्या जागेवर. ह्यो तुजा कोन, असं इचारलं, तवा मी म्हनलो, स्टेशनाभाईर भेटला.”