एकोणचाळीस

दोनशे दहा उत्तरपत्रिकांत एकोणचाळीस गुणांची एकच निघाली, तेव्हाच ताळेसरांनी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

गणित विभागाच्या या प्रमुखांना मुलांनी ‘ताळेसर’ हे नाव उगाच ठेवलेलं नव्हतं. सकाळी चार खडू दिले तर संध्याकाळी त्यांचे तुकडे मोजून घेणारा माणूस. आता त्यांनी आलेखाच्या कागदावर स्तंभ काढले. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत. सदतीसवाले अकरा, अडतीसवाले नऊ, एकोणचाळीसचा एक, आणि चाळीसवर एकदम एकवीस. मधला स्तंभ पडलेल्या दातासारखा दिसत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला?

यंदा त्यांची मुलगीही परीक्षेला बसली होती. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून त्यांनी स्वतः एकही उत्तरपत्रिका तपासली नव्हती. वर प्रत्येक नावावर कागद चिकटवून नुसता क्रमांक घातला होता. सगळा गठ्ठा गेला होता बीजगणिताच्या बाईंकडे. म्हणजे चोर शोधायला लांब जायची गरज नव्हती.

शाळा सुटल्यावर त्यांनी बाईंना विभागाच्या खोलीत बोलावलं. मुख्याध्यापकांच्या नावाचं तक्रारीचं पत्र समोर तयार होतं, फक्त सही राहिली होती. ते गेलं की बाईंची सव्वीस वर्षांची नोकरी संपणार होती.

“बसा बाई. हे जरा बघा.”

बाईंनी चष्मा लावला, कागद पाहिला, चष्मा काढला. “स्तंभ छान काढलेत.”

“थट्टा पुरे. चाळीसच्या दारातली दहा-बारा पोरं तुम्ही हाताला धरून आत घेतलीत. कुणाचा फोन आला होता?”

“फोन कुणाचा येणार, सर? एका गुणापायी पोराचं वर्ष बुडतं. मागची पानं पुन्हा उलटली की कुठे सूत्र बरोबर लिहिलेलं असतं, कुठे आकृती. एक गुण शोधला की सापडतो.”

इतक्या सरळ कबुलीची ताळेसरांना सवय नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पण सही काही केली नाही. दहा-बारा पोरांवर दया करणारी बाई एकालाच कशी विसरेल? यातही काहीतरी असणार. त्यांनी गठ्ठ्यातून ती एक उत्तरपत्रिका ओढून काढली.

“मग या एकाशीच काय वैर होतं तुमचं?”

बाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. आता खरं बाहेर येणार, असं वाटून ताळेसरांना मनातून बरं वाटलं.

“वैर कसलं? आकृती तर तिने सुरेख काढलीय. द्यायचाच होता मला गुण.”

“तिने? नाव झाकलेलं असताना तुम्हाला काय कळलं?”

“वर्षभर वह्या तपासते मी, सर. अक्षरावर कुठे कागद चिकटवता येतो?” बाईंनी चष्मा मिटून ठेवला. “आणि तिला दिला असता, तर तुम्ही संशय घेतला असता.”

ताळेसरांनी उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. प्रत्येक साताच्या पोटात एक आडवी रेघ होती. एक आणि सात यांत कुणाची गफलत व्हायला नको म्हणून पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून त्यांनीच ती शिकवली होती. सकाळपासून हा कागद त्यांच्या हातातून चार वेळा गेला होता. चारही वेळा त्यांनी फक्त बेरीज तपासली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बाईंनी पर्स उचलली. जाताना आपलं लाल पेन त्यांनी पत्रावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

बाईंची पावलं जिन्यावर विरेपर्यंत ताळेसर कान देऊन बसले. मग उठले, दाराला आतून कडी घातली आणि उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचायला लागले.