चारची बोट

बोटीवरून आलेली हिरव्या स्टिकरवाली वीस-पंचवीस मंडळी गाइडच्या झेंडीमागून ब्रुअरीतून बाहेर पडली, आणि मागे दारात एक गृहस्थ एकटेच उभे राहिले. डोक्याला उन्हाची टोपी, गळ्यात कॅमेरा, छातीवर कडा उचकटलेला निळा स्टिकर. वय सत्तरीच्या पुढचं.

मालकीणबाईंनी काउंटरमागून वर पाहिलं. पस्तिशीची बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बिअर बनवणारी तीच, टाक्या धुणारी तीच आणि पाहुण्यांना सगळं फिरवून दाखवणारीही तीच.

"बोटीवरून का, काका?"

"हो. चारला सुटते. म्हटलं, त्या झेंडीमागून मेंढरासारखं फिरण्यापेक्षा आपलं आपण जावं."

दोन वाजले होते. भरपूर वेळ आहे, ती म्हणाली आणि तिनं खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली. तिथून बंदरातली पांढरी बोट अख्खी दिसायची.

पण त्यांना आधी आतलं बघायचं होतं. मागच्या खोलीचं दार बुटकं आहे. 'डोकं सांभाळा' अशी भलीमोठी पाटी लावूनही दर बोटीमागे दोघातिघांच्या कपाळाला टेंगूळ येतंच. हे गृहस्थ मात्र बोलता बोलता वाकले आणि सहज आत गेले.

आत स्टीलच्या टाक्या होत्या. त्यांनी एका टाकीवर टिचकी मारून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. पूर्वी इथं लाकडी पिंपं होती म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी, नवं लग्न झालेलं असताना, बायकोला घेऊन ते पुढच्या खोलीत बसले होते. तेव्हा जव भाजायला घेतले की वास थेट रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. बायकोनं नाक मुरडत इथली काळी बिअर तोंडाला लावली, ओठांवर फेसाची मिशी उमटली, आरशात ती बघून ती जी हसत सुटली ती थांबेचना.

"ते हसणं अजून कानात आहे बघा. त्या काळ्या बिअरसाठीच आलोय."

"काकू नाही आल्या?"

"गुडघे. जिना म्हटला की तिच्या अंगावर काटा येतो."

मग तिनं सांगून टाकलं. काळी बिअर तीन वर्षं बंद होती. ती तिच्या वडिलांची. कृती कुठं लिहिलेली नव्हती, सगळी त्यांच्या जिभेवर. तिनं लाकडी पिंपं काढून स्टील आणलं त्या दिवशी बापलेकीचं चांगलंच वाजलं. 'तुझा बाप या दारातून पुन्हा आत येणार नाही,' म्हणाले आणि गेले.

"आणि आले नाहीत?"

"नाही. शब्दाचे पक्के आहेत."

"हट्टी दिसतोय म्हातारा."

"फार. आणि मी तरी कुठं कमी आहे? स्टील काही काढलं नाही."

गृहस्थांनी टोपी काढून पुन्हा घातली.

तीन वर्षांत तिनं तीनदा करून पाहिली होती. पहिली कडूजहर झाली, दुसरी पाणचट. तिसरी बरी होती, पण ती नव्हे. मग बोटीवरचेच एक पाहुणे जाता जाता सांगून गेले की भाजताना दाणे तडतडायचे थांबले म्हणून लगेच उतरवायचे नाहीत, शंभरापर्यंत मोजायचं. तसं करून ही चौथी लावलेली. हीसुद्धा फसली तर सगळी मोरीत ओतायची आणि काळ्या बिअरचं नाव टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. अजून कुणाला चाखायला दिली नव्हती.

"मग मलाच का?"

"तुम्ही मूळची प्यायलायत ना, काका."

ते खिडकीजवळ येऊन बसले. ग्लास आधी गार पाण्यानं विसळा म्हणाले. तिनं मुकाट्यानं विसळला, नळाखाली तिरका धरला आणि भरून समोर ठेवला.

त्यांनी वास घेतला. ग्लास उजेडाकडे धरला. एक घोट घेऊन तोंडातच ठेवला. बाई फडक्यानं काउंटरची एकच जागा पुसत राहिली. दुसरा घोट झाला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते बराच वेळ बाहेरच बघत बसले.

"जमलं गं तुला," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, दोन घोट पोटात गेले की अहोजाहो गळून पडतं. बाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला रडू आलं आणि तिनं ते फारसं लपवलंही नाही. तीन वर्षं कुणीतरी एवढंच म्हणावं म्हणून ती थांबली होती.

"फेस जरा कमी पडतोय," ते घसा खाकरून म्हणाले. "मिशी यायला हवी."

"पुढच्या खेपेला," तिनं नाक पुसत कबूल केलं. मग एक बाटली भरून, बूच ठोकून त्यांच्या पिशवीत ठेवली. काकूंसाठी.

चारला भोंगा झाला. पांढरी बोट धक्क्यापासून हळूहळू सुटली, वळली आणि बंदराबाहेर पडली. गृहस्थांनी ती जाताना पाहिली आणि उरलेली बिअर सावकाश संपवली. मग छातीवरचा निळा स्टिकर अलगद सोडवून कॅमेऱ्याच्या कव्हरात आतून चिकटवला, पिशवी उचलली आणि ते दाराकडे निघाले.

"हळू जा, ऊन आहे," ती ग्लास विसळत म्हणाली. "आईला सांगा, जेवायला माझ्यासाठी थांबू नको. आणि पुढची बोट गुरुवारी आहे, बाबा."