निळी साडी

प्रथमोपचार वर्गाच्या शिक्षिकेच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. "काका, परीक्षेला याल ना?" काय कळवणार? सरावाच्या पुतळ्याशेजारी बसून मी पुटपुटलो होतो, "कृपया, कुणीतरी फोन कराल का?"

"असं लाजलात तर पुतळासुद्धा दगावेल," त्या हसल्या होत्या. "एकाकडे बोट दाखवायचं आणि ओरडायचं."

परवा वाचनालयात माझा मित्र कुलथे खुर्चीवरून कोसळला. श्वास थांबला होता. मी ग्रंथपाल बाईंकडे बोट दाखवून ओरडलो, "निळी साडी! एकशे आठला फोन करा!" आणि त्याची छाती दाबू लागलो.

काल रुग्णालयात कुलथे कण्हला, "बरगडी मोडलीस. वर वाचनालयात ओरडलास!"

येताना मी उत्तर टपालपेटीत टाकलं: "परीक्षेला येतो. आधी ग्रंथपाल बाईंची माफी मागायची आहे."